नावानं शोधू नका

वैदेही पैठणकर ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. कामात इतकी चोख, की तिच्या चुका काढण्यावर कुणी पोट भरायचं ठरवलं तर उपाशी मरेल. आमच्या कंपनीची कामं तीन वेगळ्या क्लाउड कंपन्यांच्या भाड्याच्या सर्व्हरवर चालतात. कुठं काय चालू आहे हे बघायला पूर्वी आम्ही तिन्हीकडं वेगवेगळं डोकं खुपसायचो. वैदेहीनं अशी सोय केली, की तिन्हीकडची माहिती एकाच तक्त्यात दिसते आणि डेटाबेसला विचारावी तशी एक क्वेरी, म्हणजे नेमका प्रश्न, टाकली की उत्तर मिळतं. कुणीतरी सुरू करून विसरलेला सर्व्हर ती बरोब्बर धरते.

नव्यांना ती एकच गोष्ट बजावायची, "नावानं शोधू नका. नावं माणसं काहीही ठेवतात. कधी सुरू झालाय, कुठं आहे, कशाला जोडलाय, ते विचारा."

"बाई, हे लग्नाच्या स्थळालाही लागू का?" मी चिडवायचो.

तिचे वडील अनंतराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आई नाही, घरात बापलेक दोघंच. अलीकडं त्यांना विसर पडायला लागला होता. मागच्या हिवाळ्यात एका दुपारी देवळात जातो म्हणून निघाले, ते परतलेच नाहीत.

शहरातल्या क्रांती चौकातल्या दुकानांपासून थेट पैठणच्या एसटी स्टँडपर्यंत आम्ही हिंडलो. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या दवाखान्याच्या खिडकीशी उभे राहिलो.

"नाव?" आतल्या माणसानं विचारलं.

"अनंत वामन पैठणकर," वैदेही म्हणाली.

त्यानं कॉम्प्युटरवर बघितलं. "नाय."

आम्ही पुढच्या दवाखान्याकडं निघालो.

पाच-सहा दिवसांनी त्याच दवाखान्यातून कडूबाई नावाच्या आयाबाईंचा फोन आला. आम्ही मोबाइलवर फिरवलेला अनंतरावांचा फोटो त्यांनी ओळखला होता. आम्ही धावत गेलो. अनंतराव पहाटेच वारले होते.

रस्त्यात पडले होते, कुणीतरी आणून सोडलं. नाव विचारल्यावर त्यांनी लहानपणी घरचे हाक मारायचे ते सांगितलं, बंडू. तीच नोंद झाली. आम्ही खिडकीशी उभे होतो तेव्हा ते वरच्याच मजल्यावर होते.

"लई गोड माणूस," कडूबाई म्हणाल्या. "अजिबात भ्याले नाय. म्हणायचे, आमची वैदू येईल. हरवलेलं समदं ती हुडकून काढती."

मला त्या बाईंचा संताप आला. काय गरज होती हे सांगायची? वैदेही रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "त्यांच्या डाव्या भुवईवरचा व्रण दिसत होता ना?"

"व्हय. चांगला ठळक होता की."

"मी तो सांगितलाच नाही," वैदेही म्हणाली. "मी नुसतं नाव सांगितलं."

ती अजूनही रोज कामावर येते. नव्यांना ते वाक्य मात्र आता मला सांगावं लागतं.