निळ्या गप्पीचा वंश

गप्पी माशाला रंग आणायचा असेल तर तो खाण्यातून आणि पिढ्यांमधून आणावा लागतो. हे मला आणि माझ्या थोरल्या भावाला कॉलेजच्या वयातच कळलं होतं. आम्ही तेव्हा धुळ्याला राहायचो. गच्चीवरच्या सिमेंटच्या टाकीत आम्ही गप्पी वाढवायचो. डबक्यातून डासांच्या अळ्या गाळून आणायचो, पालक उकडून चुरून घालायचो. ज्या नराची शेपटी सगळ्यात गडद, तोच पुढच्या पिढीसाठी ठेवायचा आणि मादी वयात येण्याआधीच वेगळी करायची, हा भावाचा नियम. तो फार कडक होता त्याबाबतीत.

नोकरीमुळे मी जळगावला आलो आणि ते मासे माझ्याबरोबर आले. भावाने धुळ्यात मत्स्यालयाचं दुकान टाकलं. जळगावच्या आमच्या बोअरचं जड पाणी गप्पीला मानवलं. मी घरातल्या काचेच्या टाकीच्या तळाला काळी वाळू घातली, कारण पांढऱ्या तळावर मासा फिका पडतो. हळूहळू असा निळा रंग आला की पाहुणे चहा विसरून टाकीसमोर उभे राहत. भावाने बीज मागितलं, तेव्हा मी निवडून सगळ्यात चांगल्या जोड्या दिल्या. घरचाच वंश, दोन ठिकाणी राहिला तर बरंच, असं मला वाटलं होतं.

मागच्या मे महिन्यात मी आणि बायको बोदवडला लग्नाला गेलो होतो. घरी सकाळीच लाईट गेली आणि दिवसभर आली नाही; कूलर बंद, टाकीतला हवेचा पंपही बंद. परतलो तेव्हा टाकीतलं पाणी अंघोळीला काढल्यासारखं गरम होतं आणि सगळे मासे वर तरंगत होते. बायकोने ते गाळणीने काढले. माझ्याच्याने हात लावला गेला नाही.

मी भावाला फोन केला. तो म्हणाला, ये, हवे तेवढे घेऊन जा. दुकानाच्या पाटीवर मोठा निळा गप्पी छापलेला होता. मी पाठवलेल्या फोटोतलाच. भावाने पिशवीत ऑक्सिजन भरून मासे दिले. माद्यासुद्धा निळ्याशार. गप्पीची मादी मातकट असते, तिला असा रंग नसतो. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण पिशवी मांडीवर घेऊन मी जळगावच्या बसमध्ये बसलो. आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

पावसाळा संपेपर्यंत माद्या पार उडालेल्या कापडासारख्या झाल्या. एकीलाही पिल्लं झाली नाहीत. बायको म्हणाली, "ह्यांना औषध दिलंय काहीतरी." मग मी पुन्हा धुळ्याला गेलो.

भावाने काही लपवलं नाही. बाहेरून ठोक भावात मासे येतात, त्यांच्या खाद्यात हार्मोनची पूड मिसळली की नर-मादी सगळेच रंगतात, असं त्याने मला सांगितलं. एखादी युक्ती शिकवावी तसं. अशा माद्या वांझ होतात हेही त्याला ठाऊक होतं.

"आणि मी दिलेल्या जोड्या?"

"त्या केव्हाच गेल्या," तो म्हणाला. "गिऱ्हाईकले रंग पाह्यजे रे. पिल्ला कोनले पाह्यजे?"

मी त्याला आमच्या गच्चीची आठवण करून देणार होतो. पण तो समोरच्या माणसासाठी पिशवी भरायला लागला होता, आणि तो माणूस त्या माद्यांकडे बोट दाखवून त्याच दे म्हणत होता. मी चहाही न घेता निघालो.

ते फिके मासे मी मरेपर्यंत सांभाळले. त्यांचा काय दोष. नंतर बायकोने टाकी घासून माळ्यावर ठेवली. नवे मासे आणू, असं ती एकदा म्हणाली, पुन्हा म्हणाली नाही. वहिनीचा सणावाराला फोन येतो. मासे कसे आहेत, असं ती आठवणीने विचारते. तिला बहुतेक कुणी काही सांगितलेलं नाही. बरे आहेत, असं मी म्हणतो. भाऊ शेजारी बसलेला असतो, टीव्हीचा आवाज ऐकू येतो. तो फोन मागत नाही आणि मीही त्याला दे म्हणत नाही.