तिसऱ्या सुईसाठी बेळगावला

निपाणीहून सकाळची बेळगाव गाडी सुटली तेव्हा अण्णाला मी खिडकीशी बसवलं होतं. साल ऐंशीच्या पुढचं. अण्णा माझा थोरला भाऊ, माझ्याहून अठरा वर्षांनी मोठा. पोटात पाणी साठून त्याच्या सदऱ्याची खालची बटणं लागत नव्हती. जठराचा कॅन्सर होता, त्यावरच्या औषधाच्या सुया बेळगावला चालू होत्या, पण आम्ही त्याला अल्सर सांगितलं होतं. आमच्याकडे आजाऱ्याला खरं सांगत नाहीत, हाय खाल्ली की औषध लागू पडत नाही म्हणतात. खरं फक्त वैनीला आणि मला ठाऊक.

"एल्लिगे?" (कुठं?) कंडक्टरने विचारलं.

"बेळगाव, दोन," अण्णा मराठीतच म्हणाला. सीमालढ्यात तुरुंगात जाऊन आल्यापासून त्याच्या तोंडी कन्नडचा एक शब्द मी ऐकला नव्हता. कंडक्टर हसला आणि म्हणाला, "बसा आप्पा, निवांत बसा."

तंबाखूची शेतं मागे पडली आणि संकेश्वर आलं. मी गाडीमागे उभी राहून गरम भजी खाल्ली, कारण वासानेही अण्णाला उमळायचं. भूक काय लाज बघते होय? परत आले तर शेजारची म्हातारी त्याला विचारत होती, "पोट का वो फुगलंय?"

"अल्सर हाय, मावशी."

हत्तरगीनंतर चढ लागला. उघडेबोडके डोंगर, मधेच एखादं लिंबाचं झाड. उन्हाने अण्णाचा डोळा लागला.

बेळगावात दवाखान्याच्या ओसरीवर तासभर बसलो. आत गेल्यावर डॉक्टरांनी पोट चाचपलं. चार भाषा येतात अशी मला भारी मिजास. मी हळूच म्हटलं, "डॉक्टर, कन्नडात बोला. यांना येत नाही."

ते मोकळेपणाने बोलू लागले. "होट्ट्याग हरडेती" (पोटात पसरलंय). ऑपरेशनचा उपयोग नाही. दोन सुयांनी पाणी हटलं नाही. याने बरं होणार नाही, साधले तर थोडे दिवस वाढतील, आणि त्रास तर दिसतोच आहे. सुया बंद करायच्या का, तुम्ही ठरवा.

अण्णा सदरा सारखा करत होता. मान वर न करता तो म्हणाला, "एष्टु तिंगळा?" (किती महिने?)

 डॉक्टर गडबडले, माझ्याकडे बघत म्हणाले, तीन-चार.

"हंगार हाक्री सूजी" (मग द्या सुई), अण्णा म्हणाला.

लाल औषध नळीतून उतरेपर्यंत मी भिंतीकडे बघत बसले. नळी काढल्यावर तो दोनदा ओकला. तोंड धुऊन म्हणाला, "चल, गाडी चुकंल."

परतीच्या गाडीत मला राहवेना. "तुला कन्नड कधीपासनं येतंय?"

"तू पाळण्यात हुतीस तवा गोकाककडं गिरणीत हुतो की. बोलायचं न्हाय म्हटलं हुतं मी. ऐकायचं न्हाय असं कुठं म्हटलं हुतं?"

"म्हणजे पहिल्यापासनं..."

"व्हय. दवाखान्यात समदी कन्नडातच बोलत्यात."

मला रागच आला. "मग कशाला घेतोस ह्या सुया? जीव नुसता पिळवटून निघतोय. बंद कर!"

"बंद केल्यावर तुझ्या वैनीला कळंल, मला ठावं हाय म्हणून. मग ती माझ्याम्होरं हसायची न्हाय गं."

 दिवेलागणीला घरी पोचलो. वैनी दारातच उभी होती, नेहमीसारखं तोंडभर हसू आणून.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"लई खूश हाईत," अण्णा म्हणाला. "भूक लागलीया. भाकरी टाक."

तिने टाकली. अर्धी भाकरी त्याने तिच्यासमोर बसून, घासाघासाला पाणी पीत संपवली. नंतर परसात जाऊन ओकला. मी तांब्या घेऊन मागे उभी होते.

त्यानंतर मी काशीला गेले, रामेश्वरालाही जाऊन आले. लोक विचारतात, प्रवासात काय बघितलंत? मी देवळं सांगते.