दोन क्लच आणि एक डावा पाय

जायच्या आदल्या संध्याकाळी हौसानं माझा डावा पाय गाडीच्या सीटला बांधला. (हौसा म्हणजे माझी बायको. बांधायचं तर माझं तोंड बांधायला पाहिजे होतं, पण तिनं पाय निवडला.) आम्ही दोघांनी मिळून केलेलं साधंसुधं असं ते शेवटचं काम. त्यानंतर तिनं मरायचं काढलं आणि मला न विचारता उरकूनबी टाकलं!

पाय बांधायची वेळ का आली ते सांगतो. आमच्या संभानं, म्हणजे पोरानं, गाडी घ्यायची काढली. तांबडी, बुटकी, पुढनं बघितली तर वळू शिंगं रोखून उभा राहिलाय असं वाटावं. मी जन्मभर कारखान्याला ट्रकनं ऊस वाहिला. माझ्या ट्रकात बसायचं म्हणजे माडीवर चढायचं, आणि ह्या गाडीत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं! शोरूममधला टायवाला माझ्याजवळ आला.

"आजोबा, ह्या गाडीला दोन क्लच हायत."

"दाखवा."

"आत हायत. दिसत न्हाईत."

"आणि पेडल?"

"पेडल न्हाय. एकबी न्हाय."

मी संभाकडं बघितलं. "दोन क्लच आणि पेडल एकबी न्हाय? चल घरी. गिऱ्हाईक बघून बोलतोय ह्यो!"

पण हौसा पुढं सरकली. तिला त्यानं नीट समजावलं. एका क्लचकडं पहिला, तिसरा, पाचवा गिअर. दुसऱ्याकडं दुसरा, चौथा, सहावा. गाडी दुसऱ्यावर पळत असते तोवर तिसरा जोडून तयार. एकानं सोडलं की दुसऱ्यानं धरलं, मधे गाडीला दम खायला वेळच नाही.

"म्हंजे आमच्यागत की!" हौसा म्हणाली. "ह्यांची आंघोळ चालू असती तवर मी चहा टाकतो. ह्यांचा चहा पिऊन हुईस्तोवर डबा बांधतो. आणि ह्यांना वाटतंय, संसार आपोआप चाललाय!"

सगळं शोरूम हसलं. मीबी हसलो. दुपारचा डबा तिच्याच पिशवीत होता.

मग संभानं आम्हाला फिरवून आणलं आणि खरं सांगतो, मी खुळावलो. पाय जरा दाबला की पाठ सीटला चिकटायची, आणि गिअर कधी पडला ते पोटातल्या पाण्याला कळायचं नाही. स्टेअरिंगच्या मागं दोन पात्या, बोटानं ओढल्या की गिअर. बोटानं! माझ्या जुन्या ट्रकात गिअर टाकायचा म्हणजे क्लच दोनदा दाबायचा, वर शिवी घालायची, तवा कुठं तो कुरकुरत जायचा.

घरी आल्यावर हौसा म्हणाली, "मला ह्या गाडीतनं म्हायारी न्या. चालवायची तुम्ही."

तिचं माहेर गगनबावड्याला. लग्नानंतर पहिल्यांदा मी तिला तिकडं उसाच्या ट्रकमधनंच नेली होती. तिची भावजय दारात उभी राहून म्हणाली होती, "या वन्सं. वजनकाटा करूनच आलासा जणू?" ते वाक्य हौसानं लोणच्यागत मुरवून ठेवलेलं. आता तिला त्याच दारात, त्याच भावजयीसमोर, तांबड्या गाडीतनं उतरायचं होतं. बाकी जन्मात तिनं माझ्याकडं काही मागितलं नाही. (जे पाहिजे ते ती न मागता घ्यायची.)

पहिल्या दिवशी कसबा बावड्याच्या मेन रोडला मी गाडी काढली. संभा शेजारी, हौसा आणि सून मागं. गाडीनं वेग घेतला, डोक्यानं सांगितलं "दुसरा टाक", आणि डावा पाय आपला सवयीनं गेला क्लचवर. क्लच होता कुठं? तिथं होता हे एवढा रुंद ब्रेक! आणि माझा पाय जुन्या ट्रकचा, दोनदा दाबल्याशिवाय त्याचं समाधान नाही. गचाक! गचाक! संभाचा गॉगल उडून काचेवर, सुनेचं कपाळ माझ्या सीटवर, आणि मागच्या रिक्षावाल्यानं थांबून माझ्या आईची चौकशी केली.

"आबा, डावा पाय गप ठेवा!"

"ठेवलाय की!"

"मग ब्रेक कोण मारतंय?"

"सवय मारतीया!"

घरी येऊन संभानं अट घातली. "दूध कट्ट्यावरनं किटलीभर दूध आणायचं. झाकण न लावता, आईच्या मांडीवर. थेंब न्हाय सांडला तर रविवारी गगनबावडा. सांडला तर किल्ली कायमची माझ्याकडं. आठवडाभर बघू."

आमच्या दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात आणि गिऱ्हाइकासमोर ग्लासात धार काढून देतात. गावातला पैलवानबी तिथं मिशीला फेस लावून उभा असतो. आम्ही किटली भरून निघालो. पहिल्याच चौकात गचाक! अर्धं दूध काचेवर, अर्धं हौसावर.

"अवो, मी काय पिंड हाय व्हय अभिषेक घालायला?"

दुसऱ्या दिवशीबी तेच. गाडीला असा वास सुटला की गल्लीतली मांजरं बॉनेटवर मुक्कामाला आली! संभा किल्लीसाठी हात पुढं करायला लागला. मी शरमलो, पण हौसा कसली हार मानते?

"आठवडा म्हणालास न्हवं? आठवडा सरू दे."

आणि शुक्रवारी संध्याकाळी ती टॉवेल घेऊन आली, गाडीच्या दारात खाली बसली आणि माझा डावा पाय सीटखालच्या लोखंडाला आवळला.

"जन्मभर पाया पडलीस, आता पाय बांधतीस?"

"आदीच बांधायला पायजे हुता. गप बसा!"

गाडी लोण्यागत गेली. कट्ट्यावर थांबवली. हौसा म्हणाली, "थांबा, मी येऊन सोडतो." पण चारचौघं तांबडी गाडी बघायला लागले होते! मी ऐटीत दार उघडलं, उजवा पाय बाहेर टाकला आणि उतरलो. डावा पाय आतच राहिला. तोंड थेट शेणात. म्हशीनं मान वळवून बघितलं आणि रवंथ पुढं चालू ठेवला. दूधवाला म्हणाला, "काका, नंबरानं या की, एवढी गडबड का?"

हौसा हसून हसून खाली बसली. पदर तोंडात कोंबला तरी हसू मावेना. मग येऊन तिनं टॉवेलचं एक टोक ओढलं, गाठ सुटली.

येताना दूध हललं, पण सांडलं नाही. संभानं सीटवर बोट फिरवून बघितलं, मग म्हणाला, "जावा रविवारी." हौसानं लगेच भावजयीला फोन लावला. "येतोय आम्ही. गाडीनं. तांबडी हाय. दारात उभी ऱ्हा!"

शनिवारी सकाळी मी आंघोळ करून आलो तर चहा तयार नव्हता. आंघोळ झाली आणि चहा नाही, असं लग्नापासनं कधी झालं नव्हतं. मला तिथंच कळायला पाहिजे होतं. मी आपला ओरडत बसलो, "हौसा, चहा कुठाय?"

डॉक्टर म्हणाला, झोपेतच हृदय बंद पडलं. हृदय पडलं असेल, पण तिची जीभ कशी बंद पडली हे मला अजून पटलेलं नाही.

दुपारी सगळं उरकलं. रविवारी सकाळी रक्षाविसर्जन. संभा म्हणाला, "आबा, तुमी मामांच्या गाडीतनं या." मी म्हटलं, "रक्षेवर शिंपडायला दूध लागतंय, मी आणतो." आणि किल्ली उचलली.

कट्ट्यावरनं किटली भरून घेतली. हौसाच्या सीटवर ठेवली, पट्टा लावला. (तिनं कधी नीट लावून घेतला नाही, साडी चुरगळते म्हणून.) मग तोच टॉवेल घेऊन पाय बांधायला वाकलो. पोट मधे आलं. हौसाची गाठ कशी होती ते बघितलंच नव्हतं, म्हणून उसाच्या ट्रकला दोर आवळताना मारायचो ती मारली.

गाडी सुरेख चालली. गिअर आपले आपण पडत होते, एकानं सोडायच्या आत दुसरा धरत होता. नदीच्या घाटावर पोचलो. सगळी भावकी उभी, आणि सगळ्यात पुढं गगनबावड्याची भावजय. मनात म्हटलं, हौसा, बघच आता तुझ्या भावजयीपुढं कसा उतरतो! आणि ऐटीत दार उघडलं.

पडलो ते थेट भावजयीच्या पायांवर, तोंडावर!

मयताला आलेली माणसं हसणार कशी? संभा गाठ सोडायला धावला, पण ती गाठ उसाची. शेवटी मुंडणवाल्याची कात्री आणून टॉवेल कापला. भावजय वाकून म्हणाली, "दाजी, लागलं व्हय? पाय बांधून कोण गाडी चालवतंय?"

"तुझी नणंद चालवून घ्यायची," मी खालूनच म्हटलं.

तिनं पदर तोंडात कोंबला. खांदे हलायला लागले. रडतेय की काय, असं वाटलं. रडत नव्हती. मग संभा फुटला, मग सून, मग सगळा घाट.

हसून झाल्यावर डोळे पुसत संभा किटली काढायला गाडीत वाकला आणि तसाच थांबला.

"आबा, थेंब न्हाय सांडला."

"व्हय," मी गुडघे झाडत म्हटलं. "सांडलो त्यो मीच."