चौकटीबाहेर गेलेला नंबर

नगरमधल्या एका बातम्यांच्या वेबसाइटवर मी काम करते. बातम्या लिहायचं काम नाही. लिहिलेली बातमी वाचकाच्या मोबाईलवर नीट दिसली पाहिजे, एवढंच माझं काम. हे 'एवढंच' आमच्या संपादकांचं आहे. त्यांची उभी हयात छापील वर्तमानपत्रात गेली, त्यामुळे बातमी एकदा लिहिली की ती सगळीकडे सारखीच दिसते, ह्यावर त्यांची गाढ श्रद्धा.

कुणी पुढारी, कुणी अधिकारी, कुणी कीर्तनकार आपल्या सोशल मीडियाच्या खात्यावर काही टाकतो. त्या पोस्टचा एक कोड मिळतो. तो उचलून बातमीत चिकटवला की मूळ पोस्ट फोटोसकट, नावासकट बातमीच्या पोटात येऊन बसते. ह्याला आम्ही एम्बेड म्हणतो. संपादकांना हा प्रकार कळला आणि माझ्या डोक्याला कायमचा ताप झाला. "मॅडम, पोस्टच दाखवायची. पुरावा असतो तो," असं म्हणून ते दोन ओळींची बातमी आणि खाली एक पोस्ट असा माल पाठवायला लागले. बातमीदारही खूश. लिहायचे कष्ट वाचले.

ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर सगळं झकास दिसायचं. पण आमची साइट कॉम्प्युटरवर उघडतो कोण? आम्ही.

पहिली तक्रार माझ्या वहिनीची आली. माझं माहेर पाथर्डी तालुक्यातलं. वहिनी शेतातनं आल्यावर चहा होईपर्यंत मोबाईलवर बातम्या बघते, त्यातही नणंदेची साइट आहे म्हणून आमच्या. तिनं फोन करून सांगितलं, "वन्सं, तुमची बातमी लई हलती."

"हलती म्हणजे?"

"वाचाया घेतली की खाली सरकती. मी बोट एकीकडं ठिवते आन् उघडतं भलतंच. काल फरश्यांच्या दुकानाची जाहिरात उघडली. आता त्या दुकानवाल्याचे रोज फोन येतेत, घराचं काम काढलंय का म्हणून."

मला लगेच कळलं काय होतंय ते. पोस्ट बाहेरून येते. ती येईपर्यंत बातमीत तिच्यासाठी जागाच राखलेली नसते. नेट मंद असलं की आधी मजकूर दिसतो, वाचक वाचायला लागतो, आणि मग ही पोस्ट उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी मधेच घुसते आणि खालचं सगळं ढकलून देते. दिवाळीला गेले तेव्हा वहिनीच्या फोनवर स्वतः बघितलं. काही बातम्या हलत होत्या. काहींत पोस्टच्या जागी नुसतं पांढरं खोकं होतं. काहींत पोस्ट येत होती, पण तिची उजवी बाजू पडद्याबाहेर. कोडमध्ये रुंदी कॉम्प्युटरच्या मापाची, फोन त्याच्या निम्म्या मापाचा, आणि साइटचं विकत घेतलेलं तयार डिझाइन असं की कडेबाहेर जाईल ते सरळ कापून टाकायचं. सरकवून बघायचीही सोय नाही.

सुट्टीवरून आल्या आल्या संपादकांसमोर बसले. सगळं सांगितलं. त्यांनी खिशातून आपला भलामोठा, नवाकोरा फोन काढला, ऑफिसच्या वायफायवर साइट उघडली आणि माझ्यापुढे धरली.

"माझ्याकडे तर मस्त दिसतंय."

"सर, तुमच्याकडे दिसेलच."

"मग अडचण काय?"

"पाथर्डीत दिसत नाही. तिकडे नेट कमी, फोन लहान."

"तुमच्या माहेरच्यांना म्हणावं फोन बदला," असं म्हणून ते हसले. मी हसले नाही. डिझाइनमध्ये बदल करायची परवानगी मागितली तर म्हणाले, "बघू, पुढच्या महिन्यात." पुढचा महिना आला आणि गेला. मी दर बैठकीत विषय काढायचे आणि ते दर बैठकीत मला त्यांचा फोन दाखवायचे. शेवटी शेवटी मी तोंड उघडायच्या आधीच खिशाकडे हात जायचा त्यांचा.

मग ती शनी अमावस्या आली.

अमावस्या शनिवारी आली की शिंगणापूरला पाय ठेवायला जागा नसते. आमचा बातमीदार सकाळपासून तिकडेच होता. मी ऑफिसात एकटी, साइटवर बातम्या चढवत बसलेले. दुपारी त्याच्याकडून एक बातमी आली. पाथर्डी तालुक्यातल्या एका गावची म्हातारी मुलासोबत दर्शनाला आली होती आणि गर्दीत चुकली होती. तिला अलीकडे विसर पडायचा. बातमी दोनच ओळींची. 'शिंगणापुरात वृद्धा हरवली. अधिक माहिती खालील पोस्टमध्ये.' खाली मुलाच्या पोस्टचा कोड.

पोस्टमध्ये एक चित्र होतं. डावीकडे म्हातारीचा फोटो, हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. उजवीकडे नाव, गाव आणि मुलाचा मोबाईल नंबर. बातमी आली तशी संपादकांनी घरूनच परस्पर चढवली होती, आणि ग्रुपवर फिरवलीही होती. मी दुसऱ्या कामात होते. नजर पडली तेव्हा मी माझ्या फोनवर उघडून बघितली. फोटो पूर्ण. नंबरचे पहिले काही आकडे दिसत होते, पुढचे कडेबाहेर कापलेले.

मी संपादकांना फोन लावला. "सर, नंबर दिसत नाहीये. मी मजकुरात लिहून टाकते."

"अहो, दिसतोय की! थांबा, उगाच हात लावू नका, बातमी जोरात चाललीय. लिंक बदलेल."

"लिंक बदलत नाही, सर."

"मी जेवतोय. जेवून बोलतो."

मी फोन ठेवला आणि बातमीत नंबर लिहायला घेतला. तेवढ्यात ऑफिसचा फोन वाजला. एक बाई बोलत होत्या, शिंगणापूरला वळतात त्या घोडेगावच्या फाट्याजवळून. तिथं त्यांचं छोटं हॉटेल होतं.

"पेपरवालं का?"

"हो, बोला."

"ती म्हातारी हरवलीय न्हवं, मोबाईलवर आलंय तुमच्या? ती हितं आल्ती आमच्याकडं. हिरवं लुगडं, फोटूतलीच हाय. म्या चहा दिला तिला."

मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले. "आहे का तिथं? बसवून ठेवा त्यांना."

"आता कुठं हाय! गेली ना निघून. केव्हापासनं तुमच्या बातमीतला नंबर लावतेय मी! निम्मा नंबर दिलाय, निम्मा खाऊन टाकलाय. मालकांनी अंदाजानं पुढचे आकडे लावले तर कुठल्या तरी मानसानं शिव्या घातल्या. मंग त्या चित्रावर बोट दाबलं, तर ते म्हनतंय खातं उघडा, पासवर्ड टाका. आमचं कुठलं आलंय खातं? परत मागं आले तर पान खाली सरकलं आन् जाहिरात उघडली. शेवटी पार तळाला तुमच्या हापिसाचा नंबर घावला. ह्या भानगडीत म्हातारी म्हनली माझी गाडी लागली, आन् गेली. म्या अडवलं, पर गिऱ्हाईकं हुती समोर."

"कुठल्या बाजूला गेल्या?"

"जीपा लागत्यात तिकडं, फाट्याला. बगा लवकर."

मी कॉम्प्युटरवर पोस्ट उघडली, पूर्ण नंबर घेतला आणि मुलाला फोन लावला. तो अजून शिंगणापुरातच होता, वाहनतळावर शोधत. मागे गलका ऐकू येत होता. मी सांगितलं की तुमची आई आत्ता घोडेगाव फाट्यावर होती, जीपच्या थांब्याकडे गेली आहे. तो "व्हय? व्हय?" एवढंच म्हणाला आणि फोन बंद झाला. मी हॉटेलवाल्या बाईंना परत फोन केला. त्या म्हणाल्या, मालकांना पाठवते फाट्यावर. मग बातमीत वर ठळक अक्षरांत नंबर टाकला, फोटो वेगळा चढवला आणि ती पोस्ट काढून टाकली. संपादकांना विचारलं नाही.

त्यानंतर मी नुसती बसून होते. दुसरं काम सुचेना. म्हातारी कुठल्या जीपमध्ये बसली असेल, नगरच्या की नेवाशाच्या, हेच डोक्यात. आणि चीड. एवढी चीड मला आयुष्यात क्वचित आली असेल. माणूस सापडलेलं होतं. फोटो दिसत होता, चहा पाजणारी माणसं चांगली होती, हातात फोन होता, आणि मधे आडवी आली ती आमची चौकट.

हॉटेलवाल्या बाईंच्या नवऱ्यानं तिला गाठलं. नेवाशाकडे जाणाऱ्या जीपमध्ये ती खिडकीशी बसली होती, मांडीवर प्रसादाची पिशवी घेऊन. जीप भरायची राहिली होती म्हणून सुटली नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, आजी म्हणतात पाथर्डीला जायचंय, मी सांगतोय ही गाडी तिकडं जात नाही, पण उतरतच नाहीत. मुलगा पोचेपर्यंत तिला पुन्हा हॉटेलात आणून बसवलं. हे सगळं मला त्या बाईंनीच सांगितलं, आणि वर म्हणाल्या, "पोरगा रडला ओ. म्हातारी त्यालाच बोलली, कुठं हिंडत हुतास म्हून."

मी आभार मानले. डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. आधी त्यानंही आभार मानले. मग म्हणाला, "ताई, राग मानू नका. पर एक इचारतो. दिसत न्हवतं तर टाकलं कशाला? मला चार लोकांचं फोन आलं नंतर, त्यातल्या दोघांनी आईला दुपारीच रस्त्यानं चालताना बघितल्तं. म्हनले, नंबर पुरा असता तर तवाच लावला असता."

मी म्हटलं, "चूक झाली." दुसरं काय म्हणणार? ऑफिसातलं भांडण त्याला काय सांगायचं? त्याच्या दृष्टीनं मी म्हणजेच ती साइट.

सोमवारी संपादक खुशीत आले. बातमी भरपूर वाचली गेली होती. "मॅडम, सापडली ना म्हातारी! आपल्या बातमीमुळे सापडली. आता पाठपुरावा टाकू. मुलानं आईसोबतचा फोटो पोस्ट केलाय. तोच एम्बेड करा."

मला वाटलं आपण काही चुकीचं ऐकलं.

"सर," मी म्हटलं, "ती आपल्या बातमीमुळे सापडली नाही. बातमी असूनही सापडली." आणि मग सगळं सांगितलं. निम्मा नंबर, अंदाजानं लावलेले आकडे, शिव्या, पासवर्ड, जाहिरात. मुलगा काय म्हणाला तेही, शब्द न् शब्द. माझा आवाज चढला होता हे मला पलीकडच्या टेबलावरची मंडळी गप्प झाली तेव्हा कळलं.

संपादकांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. फोन बाहेर आला, पण त्यांनी तो माझ्यापुढे धरला नाही. टेबलावर उपडा ठेवला. म्हणाले, "किती दिवस लागतील बदलायला?"

फार लागले नाहीत. आता कुठलीही पोस्ट आली की तिच्यातला मजकूर आणि महत्त्वाचा तपशील आम्ही बातमीतच लिहितो. पोस्टसाठी आधीच जागा राखलेली असते, त्यामुळे पान हलत नाही. रुंदी फोनच्या पडद्याएवढीच. आणि पोस्ट आपोआप उघडत नाही. तिथं 'मूळ पोस्ट पाहा' असं बटण असतं, ज्याला हवी त्यानं दाबावं. कपाटात पडलेला एक जुना, मंद फोन मी चार्ज करून टेबलावर ठेवला आहे. त्याच्यावर दिसलं तरच बातमी चढते.

हे वाचून सगळं सुरळीत झालं असं वाटेल. तसं काही नाही. बटणावरून आमचं आठवडाभर वाजलं.

"कोण दाबणार ते बटण?"

"ज्याला पाहायचंय तो, सर."

"आणि पुढाऱ्यांचे फोन येतात, आमची पोस्ट दिसत नाही म्हणून. त्यांना काय सांगू?"

"बटण दाबा म्हणावं."

मग एका कार्यक्रमाची बातमी आली, तिच्यात व्हिडिओ उघडताक्षणी वाजला पाहिजे असा त्यांचा हट्ट. मी नाही म्हटलं. ते दिवसभर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहा पाठवला. जुन्या फोनला ते 'तुमचा तो डबा' म्हणतात आणि कुणी पाहुणा आला की, "आमच्या मॅडमनी साइट मागे नेली," असं माझ्यासमोरच सांगतात. बातमीदारांना मजकूर लिहायचा कंटाळा येतो तो येतोच. अजूनही रोज सकाळी माझ्या मेसेजमध्ये नुसते कोड येऊन पडलेले असतात, मागे-पुढे एक शब्द नाही. मी प्रत्येक पोस्ट उघडते, वाचते, मजकूर उतरवून घेते, नंबर असला तर दोनदा तपासते.

काल संपादकांनी एकाच बातमीसाठी पाच पोस्टी पाठवल्या. पाचही एकाच माणसाच्या, पाचही हारतुऱ्यांच्या. मी एक ठेवली, चार काढल्या आणि फोन सायलेंटवर टाकून जेवायला गेले.