सम्राटाचा स्वतःचा आवाज

आमचे हे टीव्हीवर ब्रह्मांडाचे सम्राट आहेत. घरात गॅसचा सिलिंडर बदलायचा तर मलाच हाक मारतात, ते सोडा. मालिकेत ह्यांनी चुटकी वाजवली की ग्रहच्या ग्रह गायब! गल्लीतली पोरं वाकून सलाम ठोकतात आणि हे नुसती मान हलवून पुढे जातात. लोकांना वाटतं, केवढा तोरा!

तोरा कसला डोंबलाचा! बोलताना अडखळतात, म्हणून गप्प. सम्राटाचा तो घुमणारा आवाज दुसऱ्याच माणसाचा. हे सेटवर ओठ हलवतात, तो नंतर काचेच्या खोलीत बसून बोलतो. घरी तरी काय, अडणारा शब्द आला की हे दुसराच शोधतात. पाणी हवं असलं की रिकामा पेला दाखवतात. लेकीचं नावसुद्धा अडतं, म्हणून ती चिऊ. इतकं बेमालूम झाकलं, की चिऊलाही कधी पत्ता लागला नाही.

आणि चिऊही अडखळते. वर्गातल्या मुली नक्कल करतात, म्हणून शाळेत तोंड उघडत नाही. मी कितीदा म्हटलं, "अहो, तिला सांगा ना, तुमचंही असंच आहे म्हणून." की ह्यांची मान खाली. "ल-लाज वाटते गं."

मग तो मेला भाग आला. सम्राटाची शक्ती जाते, तो साधा माणूस होतो आणि खानावळीच्या दारात उभा राहतो. दिग्दर्शक म्हणाला, आता माणूस झालात, तर आवाजही तुमचाच हवा. वाक्य एवढंच, 'मला भूक लागली आहे.' ह्यांचं गाडं 'भू'वर अडलं. सगळा सेट पोट धरधरून हसला. "वा! हेच ठेवू या," दिग्दर्शक खूश. नाही म्हणायचं ना तिथल्या तिथे! पण नाही म्हणायलाही बोलावं लागतं.

तो भाग लागला त्या संध्याकाळी शेजारीणबाई आणि त्यांचे यजमान आमच्याकडेच येऊन बसले. हे स्वयंपाकघरात नळ मोठ्ठा सोडून भांडी घासत होते. पडद्यावर "भ... भ... भू..." सुरू झालं आणि त्यावर हशा. शेजारीणबाईंच्या डोळ्यांत हसून पाणी. "काय अभिनय केलाय भावजींनी!"

चिऊ उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बाबा, तू म-माझी नक्कल केलीस?"

नळ बंद झाला.

"अगं वेडे, अभिनय असतो तो," शेजारीणबाई मध्ये पडल्या.

ह्यांनी नेहमीसारखी मान हलवली असती तरी निभावलं असतं. मला वाटलं, हलवणारच.

"न... न... नाही," हे सगळ्यांदेखत म्हणाले. हाताला साबण, कान लालबुंद. "ते म... माझंच आहे. ल... लहानपणापासून."

आता कुणी हसत नव्हतं. चिऊ ह्यांच्याकडे बघतच राहिली.

"मग मला का नाही सां-सांगितलंस?"

"ल... ल..."

"लाज वाटली?"

ह्यांनी मान खाली घातली.

"मा-माझी?"

मला तर तिथे उभं राहवेना. ह्यांनी झटकन वर बघितलं आणि तिला हाक मारायला गेले. चिऊ म्हणून नाही, तिच्या खऱ्या नावानं. पहिलंच अक्षर अडलं. शेजारीणबाई ते नाव पुरं करून द्यायला निघाल्या, तर चिऊनं हात वर करून त्यांना गप्प केलं. आपला शब्द दुसऱ्यानं पुरा केलेला तिला मुळीच खपत नाही. ती बाबाच्या तोंडाकडे बघत थांबून राहिली.