धोंडखाऊची काळी चौकट

काकासाहेब, तुमच्यावर चार ओळी लिहायच्या तर आधी तुम्हालाच ऐकवते, कारण वाचणार तर तुम्ही नाहीच. पस्तीस वर्षं लोकांचं छापून तुम्हाला छापील अक्षराचा वीट आला होता. हे तुम्हीच मला सांगितलंत, तेही माझं काम अडकवून ठेवून.

नगर जिल्ह्यातल्या आपल्या कर्जतच्या एसटी स्टँडमागे तुमचा छापखान्याचा गाळा. पायाने चालवायचं एक ट्रेडल मशीन आणि भिंतीला शिशाच्या अक्षरांचे, म्हणजे खिळ्यांचे, खण. लग्नपत्रिका नाहीतर दशक्रियेची कार्डं, यापलीकडे तुम्ही कधी गेला नाहीत. बोटं झपाझप खिळे जुळवायची, तोंड त्याहून झपाझप खोटं बोलायचं. "उद्या नक्की, बाई." तुमचा उद्या मी कधी पाहिला नाही.

१९९५ साली तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी शाळेतर्फे मी डायनोसॉर मागितला होता. जाड कार्डावर छापलेला, मुलांनी घरी कापून, दुमडून, चिकटवून उभा करायचा. चित्रही मीच दिलं होतं. आदल्या संध्याकाळी तुम्ही तीनशे कार्डं हातात ठेवलीत, आणि त्यावर भलतंच जनावर! सहा पाय, पोटाला तोंड. खाली लिहिलेलं: धोंडखाऊ, परग्रहावरचा, नामशेष.

हे कुठल्या पुस्तकातलं, मी विचारलं.

"माझ्याच डोक्यातलं. त्याच्या ग्रहावर नुसते धोंडे. ह्यानं ते खाल्ले. खाता खाता सगळा ग्रहच संपला, मग उभं ऱ्हायला जागाच न्हाई ऱ्हाइली."

माझ्या चित्राचं काय, तर म्हणालात, ते कुणीबी छापील. आठ दिवस बसून छापायचा लिनोलियमचा ठोकळा कोरला होतात. जन्मात पहिल्यांदा स्वतःचं काही छापलंय, ते पोरांच्या घरात उभं राहिलं पाहिजे, एवढंच तुमचं म्हणणं. माझ्यापुढे दुसरा इलाज नव्हता. सकाळी प्रदर्शनात सगळी कार्डं मुलांना वाटली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर दारादारांबाहेर धोंडखाऊचे तुकडे पडलेले. तुम्ही कार्डाला चारी बाजूंनी जाड काळी चौकट घातली होती, दशक्रियेच्या कार्डाची. असलं कार्ड वाचून झालं की फाडतात, घरात ठेवत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायचं? आमच्या शाळेच्या शिपाईण रंगुबाईने तर नातीच्या हातून ते ओढून फाडलं होतं. मला विचारते, "कोन गेलं म्हनायचं, बाई?"

तशीच तुमच्या गाळ्यावर आले आणि गिऱ्हाइकांसमोर नको नको ते बोलले. तुम्ही एवढंच म्हणालात, "ती चौकट मशीनवर चढलेलीच असती, बाई. मला ती दिसतच न्हाई आता."

कार्डं हातात घेतली तेव्हा मलाही ती दिसली नव्हती. जनावर बघूनच इतकी भडकले होते. पण ते तेव्हा कोण कबूल करतो? म्हणाले, तो ठोकळा आधी जाळा.

त्याच दुपारी जाळलात. माझं एवढंच काम तुम्ही वेळेवर केलंत.

आदल्या दिवशी प्रदर्शनात आमच्या टेबलावर तुम्ही स्वतः कापून उभा केलेला एक धोंडखाऊ होता. कापताना चौकट आपसूक निघून गेली होती. परीक्षकांना तो आवडला. जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी त्यांनी तो नगरला नेला, आणि तिथल्याच एका शाळेच्या काचेच्या कपाटात तो राहिला, उरलेला तेवढा एकच.

मग तुम्ही पहिल्यांदा माझ्या दारात आलात. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभे. "नगरला जाल तवा तेवढा घेऊन या, बाई. त्याच्यावरनं परत कोरतो. बिनचौकटीचा." मी म्हणाले, आणते उद्या-परवा.

त्यानंतर नगरला किती खेपा झाल्या. डोळ्यांच्या डॉक्टरकडे, पेन्शनच्या कामाला. ती शाळा स्टँडपासून दहा मिनिटांवर. दर वेळी माझा न छापलेला डायनोसॉर आठवायचा, डोकं तापायचं आणि मी परतीची गाडी धरायचे. यंदा तुमच्या गाळ्यात झेरॉक्सवाला आला. तुम्ही लेकीकडे कोपरगावला गेलात, मला न सांगता. धोंडखाऊ त्या कपाटात अजून आहे की नाही, मी पाहिलेलं नाही.