बीडला माणसं बोलावणारे भाईसाब

बीडच्या स्टँडवर उतरणाऱ्या प्रत्येक माणसाकडे ‘हा इथं कायमचा राहील का’ एवढ्या एकाच नजरेनं बघणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच असेल, आणि नेमका तोच माझा घरमालक निघाला. मी तेलगावचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. बदली होऊन बीडजवळ आलो आणि खोली शोधत त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरलो. डोक्यावर सोनेरी काठाची पांढरी टोपी, पांढरी दाढी, हातात नळाची तोटी. खोलीचं विचारताच भाडं सांगायच्या आधी त्यांनी मला विचारलं, “घरात माणसं किती?” म्हटलं, “आम्ही दोघंच.” “दोनच?” असं म्हणून त्यांनी चेहरा असा पाडला की मला वाटलं, गेली खोली. त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावरची खोली मिळाली, पण तो चेहरा का पडला हे कळायला मला काही महिने लागले.

भाईसाब बोहरा. बोहरा म्हणजे मुसलमानांतली एक लहानशी व्यापारी जमात, घरात गुजराती बोलणारी. त्यांचे आजोबा निजामाच्या काळात गुजरातेतून लोखंडाचा धंदा घेऊन इकडे आले. एके काळी बीडात त्यांची अकरा घरं होती म्हणे. मग कुणी पुण्याला गेलं, कुणी सुरतेला, कुणी थेट कुवेतला. मी आलो तेव्हा दोन घरं उरली होती. एकात भाईसाब आणि भाभी, दुसऱ्यात चष्म्याचं दुकान चालवणारे एक विधुर चाचा. म्हणजे एकूण माणसं तीन, आणि त्यातल्या चाचांना गुडघेदुखी. एवढ्या भांडवलावर भाईसाबांना जमात उभी करायची होती. मागच्या गल्लीत त्यांचा जुना जमातखाना, म्हणजे जमातीची नमाजाची आणि एकत्र जमायची जागा, होती. दर गुरुवारी संध्याकाळी भाईसाब तो स्वतः धूत आणि चाळीस माणसं बसतील एवढ्या सतरंज्या अंथरत. येणारे तिघं. मी एकदा विचारलं, “एवढ्या सतरंज्या कशाला?” तर म्हणाले, “गुरुजी, तुमच्या वर्गात धा पोरं आली तर बाकीची बाकडी फेकून देता का?”

मला या माणसाबद्दल फार कुतूहल वाटू लागलं, आणि एकाच घरात राहणाऱ्याला कुतूहल भागवायला वेळ भरपूर असतो. पुण्याची गाडी यायच्या वेळेला भाईसाब दुकान भाभींवर सोपवून स्टँडवर हजर असत. बोहऱ्यांची ती सोनेरी काठाची टोपी दिसली की त्या प्रवाशाची पिशवी यांच्या हातात गेलीच म्हणून समजा. एकदा असाच एक दाढीवाला पाहुणा त्यांनी घरी आणला, हातावर पाणी घातलं, जेवायला बसवला, आणि अर्धं जेवण झाल्यावर कळलं की तो पाण्याच्या मोटारी विकणारा सोलापूरचा हिंदू गृहस्थ होता. टोपी त्याला कुण्या दुकानदारानं भेट दिली होती आणि ऊन लागतं म्हणून त्यानं ती डोक्यावर घातली होती. तो बिचारा ओशाळून उठू लागला. भाईसाबांनी त्याला खांदा दाबून खाली बसवलं, आणखी भात वाढला आणि विचारलं, “ज्यांनी टोपी दिली त्यांना बीडला यायचं हाय का?”

नातेवाइकांना ते फोनवर बीडचं जे वर्णन ऐकवत, ते ऐकून मला आपण कुठल्या वेगळ्याच गावात राहतो असं वाटे. दारात पाण्याचा टँकर उभा असताना हे पलीकडच्याला सांगत, “हवा लई कोरडी हाय. लोखंडाला गंज धरत न्हाई. हार्डवेअरवाल्याला असं गाव दुनियेत न्हाई. कावून येत न्हाई तुमी?” दुसरी गोष्ट ईदची. त्यांचं पंचांग हिशेबानं आधीच ठरलेलं, त्यामुळे गावात बाकी मुसलमान अजून रोजे धरून असत तेव्हा एखादा दिवस आधीच यांची ईद उरकलेली असे. मोहल्ल्यातले लोक चिडवत, “काय भाईसाब, तुमाला चांद आधी कळवतो का?” ते शांतपणे म्हणत, “आमचा चांद छापील हाय.” आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याही ईदेला शेवया खायला सगळ्यात आधी जात.

त्यांच्याकडचं जेवण म्हणजे एकच भला मोठा थाळ, आणि सगळ्यांनी त्याभोवती बसून एकत्र जेवायचं. सुरुवात चिमूटभर मिठानं. आम्हा नवरा-बायकोला भाभी मुद्दाम डाळभात करून बोलवत. थाळ आठ जणांचा. तिघं ते, दोघं आम्ही. उरलेल्या तीन जागांकडे भाईसाबांचं लक्ष जाई आणि त्यांचा घास हातातच राही.

अशी तीन वर्षं गेली. मग एका आठवड्यात भाभींकडून रोज काही ना काही वर येऊ लागलं. सोमवारी मलिदा, मंगळवारी समोसे, बुधवारी आणखी काही. भाईसाब स्वतः ताटली घेऊन यायचे, दारात घुटमळायचे, हवापाण्याचं बोलून खाली जायचे. आठव्या दिवशी भाभीच आल्या आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, “यांच्याच्यानं बोलवत न्हाई, म्हणून मी सांगते. सुरतेहून एक जोडपं येतंय. त्याचा सोलरचा धंदा हाय. ऱ्हायला जागा पायजे.” म्हणजे आम्ही खोली सोडायची. मला राग आला, खोटं कशाला बोलू. तीन वर्षं ज्यांचं मीठ खाल्लं त्यांनीच उठवावं, हे लागलं. पण नवी खोली भाईसाबांनीच शोधून दिली, सामान त्यांच्याच टेम्पोतून गेलं, आणि वयाच्या सत्तरीत ते स्वतः आमच्या नव्या मोरीत उकिडवे बसून तोटी बदलत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, “गुरुजी, तुमचं गाव तेलगाव इथून जवळ हाय. तुमी कुठं बी ऱ्हायला तरी घरीच हाय. त्यांना कुणी न्हाई.” माझा राग तिथंच मोरीतून वाहून गेला.

जोडपं आलं. महिन्याभरातच भाईसाब माझ्याकडे आले आणि खुर्चीच्या टोकावर बसले. सुरतेची ती मुलगी परत जायचं म्हणत होती. नवरा दिवसभर तलवाड्याकडे शेतांवर सोलर बसवत फिरायचा, आणि हिच्याशी बोलायला बरोबरीचं कुणी नव्हतं. “तीस वर्षं माणूस आणायचा कसा याचा विचार केला,” ते म्हणाले, “आलेला ठेवायचा कसा, ते डोक्यात आलंच न्हाई.” माझी बायको चपला घालून तिच्याकडे निघाली. दोघींचं जमलं. त्या मुलीच्या हातात शिवणाची कला होती. बोहरी बायकांचे झालरीचे रंगीत बुरखे, त्यांना रिदा म्हणतात, ती सुरेख शिवायची. माझ्या बायकोनं गल्लीतल्या आणखी दोघींना तिच्याकडे शिवण शिकायला नेलं, आणि परत जायची भाषा बंद झाली. पुढं गंमत अशी झाली की भाईसाबांना तीस वर्षांत जमलं नाही ते या मुलीनं एका फोनवर केलं. तिनं आपल्या बहिणीला कळवलं, “ये इकडे. सासू लई लांब ऱ्हाते.” बहीण आली. बहिणीच्या मागून तिच्या नवऱ्याचा मित्र आला, मग त्याचा भाऊ. चार-पाच वर्षांत बीडात सहा घरं झाली. जमातखान्यात पोरांचा गलका होऊ लागला, आणि गुडघे धरून बसणारे चाचा त्यांना ओरडण्यात तरुण झाले.

आणि मग भाभी गेल्या. पुण्याला राहणाऱ्या त्यांच्या मुलानं हट्ट धरला, बाबांनी एकटं राहायचं नाही. ज्या माणसानं सगळ्यांना बीडला बोलावलं, तोच बीड सोडून गेला.

गेल्या उन्हाळ्यात मी पुण्याला त्यांना भेटायला गेलो. सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, जवळच त्यांची मोठी मशीद, हजारो माणसं. “आता तर सगळे तुमचेच,” मी म्हणालो. “हाय ना,” ते म्हणाले. “लई माणसं हायेत. परवा ताप होता म्हणून मी गेलो न्हाई. कुणाच्या ध्यानात बी आलं न्हाई. बीडात आमी तिघंच होतो तवा मी गेलो न्हाई तर एक तृतीयांश नमाज कमी व्हायची.” ते हसले, मीही हसलो.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. बीडहून सुरतेची मुलगी बोलत होती. जमातखान्याची मोटार पाणी उचलत नव्हती. भाईसाब ताठ बसले. आधी झडप बघ, मग वरचं झाकण काढ, तांब्याभर पाणी ओत, आता बटण दाब. पंधरा मिनिटं ते तिला एकेक सांगत होते, आणि सांगताना त्यांचा उजवा हात हवेत पाना फिरवत होता. मधेच म्हणाले, “मी येऊ का? सकाळच्या गाडीनं निघतो.”

पलीकडून पाण्याचा आवाज मलाही ऐकू आला. मग तिचा. “नको भाईसाब, जमलं.”

“जमलं ना?” त्यांनी विचारलं. फोन बंद झाला होता. तो त्यांनी तसाच कानाशी धरून ठेवला होता.